मंत्रकोडीचे सात धागे

फिलोमिना माझ्यापेक्षा चांगलं शिवत असे. एवढं एक वाक्य कबूल करायला मला आयुष्य लागलं, म्हणून ते आधीच लिहून टाकते. नाताळ अंकाच्या संपादकांनी शिवणकामातले अनुभव मागितले आहेत. मी पुढे कितीतरी वर्षं लोकांची मापं घेतली, पण शिवणाचं नाव निघालं की मला पिंपरीची पहिली चार-पाच वर्षंच आठवतात. त्या वर्षांत मी जितकी जळले, तितकी नंतर कधी जळले नाही.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. पिंपरीला तेव्हा नवा कारखाना उभा राहत होता. त्याला लागून कामगारांच्या चाळी, थोडं पलीकडे सिंधी निर्वासितांची छावणी, आणि बाकी सगळं ज्वारीचं रान. माझे यजमान कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि आम्ही नगरकडून बिऱ्हाड हलवलं. बिऱ्हाडातली सर्वांत जड वस्तू म्हणजे माझं हातमशीन. मिशनच्या शाळेत मी शिवण शिकले होते, आणि लग्नात वडिलांनी भांड्यांऐवजी तेच दिलं होतं. मी ते खिडकीत मांडलं. आठ दिवसांत चाळीला कळलं की मार्थाबाई शिवून देतात.

शिवणकाम म्हणजे मशीन चालवणं, असं लोकांना वाटतं. मशीन हे शेवटचं काम. खरी कसोटी बेतताना लागते, कारण कापड एकदा कापलं की कापलं. आणि बेतण्याआधी माणूस कळावा लागतो. ही बाई पदर डोक्यावर घेते की खांद्यावर, मूल अंगावर पितं का, काम उभ्याने करते की बसून, हे सगळं बघावं लागतं. मी तर कपड्यावरून माणसाची उपासना ओळखायला शिकले होते. कारखान्यात ख्रिस्ती माणसं तीन तऱ्हेची आली होती. आम्ही नगर-जालन्याकडचे मराठी, सतरंजीवर मांडी घालून भजन म्हणणारे. आमच्या पुरुषांचे कपडे बसायच्या जागी विरायचे. गोव्याकडचे आणि सावंतवाडीकडचे कॅथलिक गुडघे टेकून प्रार्थना करत. त्यांच्या विजारी गुडघ्यावर जायच्या. आणि त्रावणकोरकडचे मल्याळी, त्यांची उपासना दोन-दोन तास उभ्याने चाले. त्यांचं कापड कुठेच झिजत नसे. ते गिऱ्हाईक म्हणून फार कामाचे नव्हते.

कॉलनीत पत्र्याची एक लांबट खोली होती. रविवारी ती तिघांत वाटलेली. सकाळी आम्ही, आमच्यामागून कॅथलिक, आणि महिन्यातून एकदा पुण्याहून मल्याळी पुरोहित आले की दुपारी ते. आमच्या सतरंज्या उचलल्या जात, त्यांच्या मेणबत्त्या लागत. मग मेणबत्त्यांचा वास जायच्या आत धूप सुरू होई. एकमेकांच्या उपासनेला आम्ही कधी थांबत नव्हतो. दारात जाणारे आणि येणारे भेटत, एकमेकांना वाट देत, पण आत डोकावत नसत.

पहिलं वर्ष मी एकटीच होते. मग फिलोमिना आली.

ती सावंतवाडीकडची. नवरा कारखान्याच्या बॉयलरवर. तिचं मशीन पायाचं होतं, आणि मठातल्या सिस्टरांकडून ती क्रोशाची लेस विणायला शिकली होती. मशीन पायाचं म्हणजे दोन्ही हात कापडाला मोकळे. माझा एक हात कायम चाक फिरवण्यात गुंतलेला. ज्याला हे कळतं त्याला माझं दुःख कळेल. तिची टीप पाण्यासारखी सरळ जायची. ब्लाउजची बाही ती अशी बसवायची की हात वर केला तरी कापड ओढलं जात नसे. मी तिच्या चाळीवरून जाताना मुद्दाम सावकाश जायची आणि तिच्याकडे कोण बसलं आहे ते बघून घ्यायची.

आधी कॅथलिक गेले, ते समजण्यासारखं होतं. मग आमच्यातल्या दोघी-तिघी गेल्या. शेवटी रहाटणीहून दूध घालायला येणारी गंगूबाईसुद्धा गेली. तिच्या चोळ्या मी शिवत असे. मी विचारलं, "गंगूबाई, माझ्या चोळीत काय कमी होतं?"

"कमी काय न्हाई, बाई," ती चरवी खाली ठेवत म्हणाली. "पर तिचं मशीन पायाचं हाय. बसल्या जागी चोळी मिळती. आन् बाई ग्वाड बोलती."

ग्वाड बोलती, हे मला सर्वांत लागलं. फिलोमिना मला वाटेत दिसली की थांबून म्हणायची, "काय गो मार्था, बरी आसंस मां?" मी "हो" म्हणून पुढे जायची. घरी येऊन यजमानांना सांगायची, की ती गळ्यात जपमाळ घालते, मारियेच्या तसबिरीपुढे दिवा लावते, हे काही खरं ख्रिस्तीपण नव्हे. यजमान जेवत असायचे. ते म्हणायचे, "तिची शिलाई कशी आहे?" मी आमटी वाढायची.

मत्सराला स्वतःचं नाव सांगायला लाज वाटते. तो धर्माचं नाव सांगतो. हे मला तेव्हा कळलं नव्हतं, पण आमच्या पाळकसाहेबांना कळलं होतं. मल्याळी मंडळींना वेदीपुढे पडदा लागतो. उपासनेत ठरावीक वेळी तो सरकतो आणि ठरावीक वेळी मिटतो. त्या पडद्याचं काम निघालं. पडदा म्हणजे सरळ शिवण, माझ्या हातमशीनलाही सहज जमलं असतं. मी वाट पाहिली. काम फिलोमिनाला गेलं. पुढच्या महिन्यात लाल पडदा टांगलेला दिसला. खाली तिने हाताएवढी लेस सोडली होती. आमच्या उपासनेला तो गुंडाळून वर बांधला होता, तरी मला तीच लेस दिसत होती.

मी पाळकसाहेबांकडे गेले. म्हटलं, "साहेब, प्रभूने वधस्तंभावर प्राण सोडला तेव्हा मंदिरातला पडदा वरपासून खालपर्यंत फाटला. देवाने फाडलेला पडदा हे लोक पुन्हा शिवून टांगतात, आणि तोही आपल्या खोलीत?"

पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "मार्थाबाई, पडदा टांगला याचं दुःख आहे, का दुसरीने शिवला याचं?"

मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

अशात अन्नम्माचं लग्न ठरलं. अन्नम्मा मल्याळी, कारखान्याच्या दवाखान्यात नर्स होती. एकदा मशीनची सुई माझ्या अंगठ्यातून आरपार गेली, तेव्हा तिनेच ती काढली होती, आणि काढताना माझ्याशी गप्पा मारत होती, ते मी विसरले नव्हते. ती मला चेची म्हणायची, म्हणजे त्यांच्यात ताई. तिचा होणारा नवरा कुरियाकोस कारखान्याच्याच प्रयोगशाळेत होता. दोघांचं वडीलधारं इथे कोणी नव्हतं. तिला आईवडील नव्हते, आणि त्याची आई त्रावणकोरला अंथरुणाला खिळलेली. म्हणून लग्न इथेच, पत्र्याच्या खोलीत व्हायचं होतं.

अन्नम्माने काम दोघींत वाटलं. लग्नात नेसायच्या पांढऱ्या साडीवरचं ब्लाउज फिलोमिनाकडे. आणि मंत्रकोडी माझ्याकडे. मंत्रकोडी म्हणजे नवऱ्याने नवरीला द्यायची साडी. ती पुरोहित मंत्रून देतात, आणि लग्नविधीत नवरा ती नवरीच्या डोक्यावर घालतो. कुरियाकोसने ती पुण्याहून आणली होती. मोतिया रंगाचं रेशीम, बोटभर जरीचा काठ. तिची दोन्ही टोकं दुमडून बारीक हातशिलाई करायची होती. आणखी एक काम होतं, ते सांगायला तो स्वतः आला. मोडक्या हिंदीत, शब्द मोजून बोलला.

"चेची, पहले साडी में से सात धागा निकालना. फिर सिलाई. सात धागा मिलाकर एक डोरी बनाना. उस में मिन्नु डालते हैं, मैं अन्नम्मा के गले में बांधेगा."

मिन्नु म्हणजे क्रूस असलेला सोन्याचा लहानसा दागिना, त्यांच्यातलं मंगळसूत्र. मी म्हटलं, "बाजारात रेशमाचा दोरा मिळतो की."

"नहीं चेची. इसी साडी का. ये मेरी अम्मा का काम है. अम्मा नहीं आ सकती. इसलिए आपको बोला."

मी मान हलवली. तो गेल्यावर मात्र माझ्या मनात वेगळंच सुरू झालं. माझ्या आजीने बाप्तिस्म्याच्या दिवशी गळ्यातले गंडेदोरे स्वतः तोडून विहिरीत टाकले होते. आमच्या घरात ही गोष्ट अभिमानाने सांगत. आणि आता तिच्या नातीने ख्रिस्ती लग्नासाठी मोजून सात धागे वळायचे? हे कारण अगदी खोटं नव्हतं. पण फक्त तेवढंच असतं तर मी कुरियाकोसला तोंडावर नाही म्हटलं असतं. नाही म्हटलं असतं तर साडी फिलोमिनाकडे गेली असती.

साडी हातात आली आणि मला धीर निघाला नाही. धागे नंतर बघू म्हणून मी टोकं दुमडून शिवायलाच घेतली. मी अशी शिलाई आयुष्यात केली नव्हती. सुई एकेका धाग्याखालून जात होती. उलट बाजूने पाहिलं तरी टाका दिसत नव्हता. शिवणारी बाई दुसरीचं काम पदराला बघत नाही, आतल्या टोकाला बघते, जिथे कोणाचं लक्ष जात नाही तिथे. फिलोमिना ते टोक नक्की उलटून बघणार, हे मला ठाऊक होतं, आणि ते टोक मी तिच्यासाठीच शिवलं.

मग सात धाग्यांची आठवण झाली. काढायचे तर टोक उसवायला हवं होतं. रेशीम उसवलं की सुईची भोकं राहतात, पुन्हा कितीही चांगलं शिवा. मी रिळाचा मोतिया दोरा घेतला, त्याचे सात पदर एकत्र वळले आणि गाठ मारली. सातच घेतले. तेवढा प्रामाणिकपणा माझ्याकडे होता.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी साडी आणि दोरा घेऊन अन्नम्माच्या क्वार्टरवर गेले. फिलोमिना तिला सजवत होती. पांढरी साडी, लांब बाह्यांचं ब्लाउज. ते ब्लाउज बघून मला पुन्हा एकदा जळायला झालं. पण फिलोमिनाने मंत्रकोडी हातात घेतली आणि मला वाटलं होतं तसंच झालं. तिने थेट आतलं टोक काढलं, उलटलं, नख फिरवलं.

"कितकां सुंदर शिवलंस गो मार्था," ती म्हणाली. "माका जमूचां नाय असां."

दोन वर्षं मी या वाक्याची वाट बघत होते. ते मिळालं, आणि मला त्याचा आनंद पुरता घेताही आला नाही, कारण लगेच तिने मिन्नु ओवायला दोरा उचलला. चिमटीत धरून फिरवला. पुन्हा फिरवला. मग शिवलेल्या टोकाकडे पाहिलं, आणि माझ्याकडे पाहिलं.

"मार्था, रांधपात ये मगे जरा," ती म्हणाली आणि साडी, दोरा घेऊन आत गेली. अन्नम्मा आरशात बघत होती.

स्वयंपाकघरात स्टोव्ह पेटलेला होता. फिलोमिनाने दोऱ्याचं टोक ज्योतीला लावलं आणि माझ्या नाकापुढे धरलं. ही आमच्या धंद्यातली परीक्षा. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो. सूत जळताना कागदासारखा.

"कागद," ती हळू आवाजात म्हणाली. "ह्यो दोरो साडयेचो न्हय. कित्याक केलंस असां?"

मी म्हटलं, "हे गंडेदोरे आमच्यात चालत नाहीत."

"आमच्यातय नाय. आमच्यात आंगठी. पण तिच्यात आसा मां?"

"कोणाला कळणार आहे? दोरा तो दोरा."

"तुका कळलां. आता माका कळलां." तिने बाहेरच्या खोलीकडे मान केली. "तो कुरियाकोस आवशीबगर लगीन करता. त्येची आवस थंय खाटयेर पडलेली. तिचां काम त्येणां तुज्या हातात दिलां."

आवस म्हणजे आई, एवढी तिची भाषा मला कळत होती. मला वाटलं, आता ही बाहेर जाऊन सांगणार. मी तिच्या जागी असते तर सांगितलं असतं. फिलोमिनाने कमरेची लहान कात्री काढली, चटईवर बसली आणि साडीचं आतलं टोक माझ्या मांडीवर टाकलं.

"उसव," ती म्हणाली. "तुज्या टाक्यांक तूच हात लाव. माज्यान व्हायचां नाय."

मी माझे टाके उसवले. एकेक. बाहेर माणसं जमायला लागली होती. टोक मोकळं झालं तशी फिलोमिनाने नखाने पहिला आडवा धागा सोडवला आणि तो ओढत गेली, रेशमाला कुठेही चुण्या न पडू देता. सात वेळा. मी धागे दातात धरून वळले. माझा हात घट्ट चालतो, ते तिला माहीत होतं. तिने टोक पुन्हा दुमडून धावदोरा घातला. उजेडाला धरलं तर माझ्या सुईची भोकं दिसत होती, ओळीने, चाळणीसारखी.

"चेची, हो गया क्या?" बाहेरून अन्नम्माचा आवाज आला.

"झाला, झाला," फिलोमिना म्हणाली, आणि रिळाचा दोरा तिने स्टोव्हवर टाकला.

लग्नाला आमची मराठी मंडळी पहिल्यांदाच त्या खोलीत दुसऱ्यांच्या उपासनेला थांबली. पाळकसाहेब मागे बसले होते. मल्याळी उभे राहिले तसे तेही उभे राहिले, आणि दोन तास उभेच होते. कॅथलिक जिथे गुडघे टेकायची सवय होती तिथे टेकत होते, कोणी त्यांना अडवलं नाही. लाल पडदा सरकला. कुरियाकोसने अन्नम्माच्या मानेमागे दोऱ्याची गाठ मारली. मग मंत्रकोडी तिच्या डोक्यावर आली. लोकांनी रेशीम बघितलं. मी फिलोमिनाकडे बघत होते. ती डोळे मिटून होती, ओठ हलत होते.

मला त्या क्षणी कृतज्ञता वाटायला हवी होती. खरं सांगते, मला राग आला. आतापर्यंत ती फक्त माझ्यापेक्षा चांगलं शिवत होती. आता ती माझ्यापेक्षा चांगली बाईही ठरली होती, आणि याला कोणतंही मशीन कारण नव्हतं. माझं पाप तिने झाकलं, त्याचं ओझं मला पापापेक्षा जड झालं.

तिने कोणालाही सांगितलं नाही. मी कित्येक दिवस कान लावून बसले होते. चाळीत, दूधवालीकडे, उपासनेत, कुठेही एक शब्द नाही. वाटेत भेटली की तसंच विचारायची, बरी आसंस मां. मी आता थांबत होते, पण डोळे वर होत नव्हते.

दीडेक महिन्याने अन्नम्मा आली. हातात पत्र होतं, सासूचं. ती हसत होती.

"चेची, अम्मा का चिट्ठी आया. मैंने उनको लिखा था, आपने कैसे धागा निकाला."

"मी?" मी म्हटलं.

"फिलोमिनाचेचीने बताया. बोली, सिलाई पूरी हो गयी थी, फिर भी मार्थाने अपनी सिलाई खोल दी, और धागा निकाला." तिने पत्र उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवून मला समजावून सांगितलं. सासूने लिहिलं होतं, की माझं काम जिने केलं ती आपल्या मंडळीची नाही, आपली भाषा बोलत नाही, तरी तिने माझ्या जागी बसून ते केलं. घरी रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत मी तिचं नाव घेणार आहे. तिचं पूर्ण नाव नीट लिहून पाठव.

मी मशीनवरचा हात काढला. फिलोमिनाने एकही शब्द खोटा सांगितला नव्हता. मी शिलाई खोलली होती. धागे वळले होते. मी गप्प बसले असते तर ते पुण्य आयतं माझं होतं, आणि जिने ते केलं होतं तिनेच ते मला देऊन टाकलं होतं.

दाराला कडी लावून मी अन्नम्माला सगळं सांगितलं. रिळाचा दोरा, स्टोव्ह, कागदाचा वास. ती ऐकत होती. तिचा हात आपोआप गळ्याशी गेला आणि तिथला दोरा धरून राहिला. तिचा चेहरा पाहून मला वाटलं, आता ही उठून जाईल आणि पुन्हा या दारात येणार नाही.

शेवटी ती म्हणाली, "ये जो गले में है, ये साडी का है?"

"साडीचाच आहे. सातही धागे."

"फिर क्यों बताया चेची? नहीं बताते तो मुझे मालूम नहीं होता."

मी खरं तेच उत्तर दिलं. म्हटलं, "सगळं चांगलं तिनेच करावं, हे मला सहन होत नाही."

अन्नम्माच्या डोळ्यांत पाणी होतं, तरी तिला हसू आलं. मग तिने पर्समधून कागद आणि पेन काढलं. "तो नाम क्या लिखूं?"

"दोघींची लिही," मी म्हटलं. "आधी फिलोमिनाचं. मग माझं."

तिने मल्याळममध्ये लिहिलं. ती गोल गोल अक्षरं, एकात एक अडकवलेल्या कड्यांसारखी. मला त्यातलं काहीच वाचता येत नव्हतं. मी म्हटलं, "आधी कोणाचं आहे, बोट ठेवून दाखव."

तिने बोट ठेवलं. पहिलं नाव लांबलचक होतं. दुसरं आखूड होतं, दोन-तीन अक्षरांचं. ते माझं.